जरा बाजूला व्हा

भगीरथ वेखंडेला माणसांचा मनापासून तिटकारा होता, आणि पोट मात्र माणसांच्या तोंडांवरच चालत होतं. शहापूरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर त्याचा फोटो स्टुडिओ. लाकडी जिना धडधडवत माणसं वर यायची, आरशापुढं केसांना पाणी लावून भांग पाडायची आणि स्टुलावर अशी बसायची, जणू आता कोणी सुई टोचणार आहे. "मान जरा डावीकडं. एवढी नाय. खांदा खाली. हसा. दात नका दाखवू, पासपोर्ट हाय." सकाळपासून दिवे लागेपर्यंत भगीरथ हेच बोलायचा, आणि गिऱ्हाईक जिना उतरलं की मनातल्या मनात त्याच्या तोंडाला नाव ठेवायचा. कोणाचं तोंड फणसासारखं, कोणाचं उकडलेल्या रताळ्यासारखं. एका पुढाऱ्याचा फोटो धुताना तो बायकोला म्हणाला होता, "ह्याच्यापेक्षा निगेटिव्ह बरी दिसते."

तो मूळचा सापगावचा, भातशेती करणाऱ्या कुणब्याचा धाकटा पोरगा. थोरला भाऊ बापाबरोबर चिखलात उतरला, हा कल्याणला एका स्टुडिओत फोटो धुवायला लागला. तिथल्या लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना त्यानं पहिल्यांदा पाहिलं आणि त्याला वाटलं, आपण इतरांसारखे नाही. हे वाटणं पुढं कधी गेलंच नाही. नव्वदच्या आसपास त्यानं शहापुरात स्वतःचा स्टुडिओ टाकला, मुरबाडकडची मीना बायको करून आणली आणि भिंतीला दोन पडदे टांगले.

पडद्यांवाचून स्टुडिओ चालत नव्हता. एका पडद्यावर बर्फाचे डोंगर, निळं तळं आणि दोन राजहंस. त्यातल्या एकाची मान रंगाऱ्याच्या हातून जरा जास्तच लांब झालेली. दुसऱ्यावर समुद्र आणि नारळाची झाडं. डोळखांबकडून, खर्डीकडून नवी लग्न झालेली जोडपी यायची, आणि दहातली नऊ बर्फ मागायची.

"अरे, ती खिडकी उघडून बघ की," भगीरथ चिडून म्हणायचा. "माहुलीचे सुळके उभे हायत मागं. तसला डोंगर बर्फाच्या बापाकडं नाय."

"ती माहुली रोजचीच हाय, दादा," नवरा मुलगा लाजून सांगायचा. "तुमी बर्फच लावा."

भगीरथ बर्फ लावायचा. बटण दाबताना त्याचा चेहरा कडू औषध घेतल्यासारखा असायचा. गुरुवारी बाजार बंद असे, आणि त्या एका दिवसासाठी तो बाकीचा आठवडा सोसायचा.

गुरुवारी पहाटे तो सेकंडहॅंड पेंटॅक्स गळ्यात, स्टँड खांद्यावर आणि भाकरीचं फडकं पिशवीत टाकून निघायचा. कधी माहुली, कधी आजोबा नावाच्या डोंगराचा कडा, कधी उंबरमाळीच्या अंगच्या दऱ्या, कधी एस.टी.नं मुरबाडला जाऊन माळशेजच्या बाजूची वाट. पायवाटेनं चालत राहायचा, उजेड मनासारखा पडेपर्यंत दगडावर बसून राहायचा आणि दगड, कडे, ओढे, कोरडी झाडं टिपून परत यायचा. माणसाचा एकसुद्धा फोटो नाही. डोंगर पोज देत नाही, डोंगर फोटो कधी मिळणार म्हणून विचारत नाही, आणि डोंगराला आपण गोरं दिसावं असं वाटत नाही. त्याचं साधं मत होतं: चौकटीत माणूस शिरला की फोटो मेला.

मीना दारात उभी राहून म्हणायची, "चालले दगडांचं बारसं करायला."

"तुला नाय कळायचं गो."

"मला नाय कळत, पण गिऱ्हाइकाला हसवता येतं." हे खरं होतं. भगीरथच्या ओरडण्यानं आक्रसलेली माणसं मीना दोन शब्द बोलली की सैल व्हायची आणि फोटो बरा निघायचा. त्याचं श्रेय भगीरथ लेन्सला द्यायचा.

तसं त्याच्या तावडीतून कोणीच सुटत नसे. डोंबिवलीहून माहुलीवर चढणारे घोळके भेंड्या गाताना ऐकू आले की तो वाट बदलायचा. वर पोचल्यावर दोन्ही हात पसरून फोटो काढून घेणाऱ्यांविषयी तो म्हणायचा, "बुजगावणी शेतात बरी, इथं कशाला?" नवरा-नवरीला बदामाच्या आकारात कोंबणारे धंद्यातले जातभाई त्याच्या लेखी हलवाई होते. ठाण्याच्या एका स्पर्धेला त्यानं आजोबाच्या कड्याचा फोटो पाठवला. परीक्षकानं शेरा दिला, 'तंत्र उत्तम, पण मानवी घटकाचा अभाव.' भगीरथनं तो शेरा वर्षभर वेगवेगळ्या आवाजात म्हणून दाखवला. "मानवी घटक! बाजारात ये म्हणावं, पोत्यानं देतो."

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर त्यानं आणखी पुढची झेप घेतली. डोंगर झाले, आता खडकाळ समुद्र. मीनाला स्टुडिओ सोपवून तो हरिहरेश्वराकडं गेला आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत सुटला. वाळू त्याला नको होती, वाळूवर माणसं असतात. त्याला हवा होता काळा, कापलेला, लाटांनी पोखरलेला कातळ. एका वळणावर तो मिळाला. ओहोटी लागलेली, खडक ओले चकचकीत, मागं तिरपा उजेड. आणि नेमकी मधोमध एक बाई लुगडं खोचून, हातात छोटी कोयती घेऊन खडकावरची कालवं सोडवत बसलेली.

"ओ मावशी! जरा बाजूला व्हा!"

बाईनं मान वर केली. "कशापायी?"

"फोटो काढायचाय. समुद्राचा."

"मग काढ की. समुद्र काय माझ्याखाली दडलाय?" आणि ती परत खडक खरवडायला लागली. जरा वेळानं आपणहून म्हणाली, "भरती आली की मी जातेच. तवा ये."

भगीरथ हट्टानं थांबला. भरती आली, बाई टोपली घेऊन निघून गेली, आणि हवा होता तसा निर्मनुष्य समुद्र त्याच्यापुढं उभा राहिला. त्यानं भराभर फोटो घेतले. चौकटीत तो इतका बुडाला की मागल्या घळीतून आलेलं पाणी त्याला दिसलंच नाही. ती लाट त्याच्या चपला, भाकरीचं फडकं आणि स्टँड घेऊन गेली. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला. कालवंवाली बाई लांब वाळूवरून बघत होती. ती हसली नाही, नुसतं कपाळावर हात मारून चालायला लागली. ते त्याला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

अनवाणी घरी आलेल्या नवऱ्याकडं बघून मीनानं एवढंच विचारलं, "समुद्राचं पण बारसं झालं का?"

तो फोटो मात्र खरोखर जमला होता. काळा खडक, त्यावर फुटलेलं दूध, बाकी काही नाही. त्यानं तो मोठा करून चौकटीत घालून स्टुडिओत लावला. पहिल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक त्याच्यापुढं उभं राहिलं, बराच वेळ बघत राहिलं आणि म्हणालं, "हा पडदा मोठा हाय का? मी उभा राहतो याच्यापुढं."

असं सगळं चाललं होतं, आणि मग त्याला तो माळ सापडला.

मुरबाडच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या कड्याच्या पायथ्याशी, एस.टी.चा शेवटचा थांबा सोडून बराच चढ चढला की एकदम मोकळं पठार लागतं. मागं सरळ तुटलेला कडा, पुढं गवताचा माळ, एका बाजूला एकटंच हिरड्याचं झाड. सप्टेंबर अखेरीला माळभर सोनकी फुललेली. भगीरथनं ते पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशालाही नाव ठेवावंसं वाटलं नाही.

मग त्याला जांभळाची वाडी दिसली. माळाच्या कडेला ठाकर आदिवासींची कुडाची घरं, गोठे, भाताची खाचरं, कोंबड्या, बांधावर वाळत टाकलेली लुगडी. त्याचं तोंड पुन्हा कडू झालं.

त्या माळासाठी त्यानं तीन पावसाळे फेऱ्या मारल्या. जागा शोधता शोधता त्याला कळलं, की खालच्या ओढ्यात पालथं पडून कॅमेरा पाण्याला टेकवला तर मधला उंचवटा आडवा येतो आणि घरं दिसेनाशी होतात. फक्त माळ, झाड आणि कडा उरतो. पण गुरं फिरत मधे यायची. ती हाकलायला तो वर पळायचा. करवंदीच्या जाळीवर वाळणाऱ्या लुगड्याचं लाल टोक दिसायचं, म्हणून त्यानं ते न विचारता काढून घडी करून दगडावर ठेवलं. तरी उंचवट्यामागून धुराची एक रेघ वर चढतच होती.

तो धूर शोधत एका दारात गेला. आत रंभा भाकरी थापत होती. वाडीच्या म्हाताऱ्या धाऊची ही सून. नवरा वीटभट्टीवर गेला की घर, गुरं आणि सासरा तीच सांभाळायची.

"बाय, चूल जरा विझव."

रंभानं त्याच्याकडं पाहिलं. पँट, गळ्यात यंत्र, खांद्यावर नवं स्टँड, बोलण्यात हुकूम. तिला वाटलं, सरकारी मोजणीवाला असावा. असल्या माणसाला नाही म्हटलं की पुढं काय होतं ते वाडीला माहीत होतं. तिनं तव्यावरची अर्धीकच्ची भाकरी उतरवली आणि चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. घरात राखेचा लोट उठला, धाऊ खोकत बाहेर आला.

"झालं का साहेब?" धाऊनं विचारलं. "काय मोजता?"

"काय नाय. फोटो काढतो. डोंगराचा."

धाऊनं डोळ्यांतली राख पुसली. मग धाऊ म्हणाला, "मंग आमचा बी काढा की एक. माझा काढा, म्हातारा हाय."

"रोल संपला," भगीरथ म्हणाला. रोल संपला नव्हता. तो धावत ओढ्याकडं गेला, पालथा पडला, आणि ढगातून उतरलेला उजेड सोनकीवर पसरला त्या क्षणी त्यानं बटण दाबलं. मागं दारात रंभा विझलेल्या चुलीकडं बघून जे बोलत होती, ते त्याच्या कानावर आलं नाही हे बरं झालं.

तो फोटो स्टुडिओत समुद्राशेजारी लागला आणि लागल्या लागल्या हरेशच्या नजरेत भरला. हरेश सापगावचाच, भगीरथचा शाळेतला सोबती. शाळेत तो दुसऱ्याच्या पाटीवरून उतरवायचा. आता जमिनीची एजंटगिरी करत होता. मुंबईकरांना फार्महाऊसचं वेड लागलेलं, आणि हरेश पांढऱ्या सुमोतून त्यांना डोंगर दाखवत फिरत होता. जांभळाच्या वाडीचा माळ कागदावर मुरबाडच्या कोणा जुन्या सावकाराच्या वारसांचा होता. पिढ्यान् पिढ्या कसणारी ठाकरं त्या कागदावर कुठंच नव्हती. वारसांनी माळ एका प्लॉटवाल्याला द्यायचं ठरवलं होतं आणि गिऱ्हाइकं जमवायचं काम हरेशकडं होतं.

"भग्या, काय फोटो काढलाय रे!" हरेश चौकटीपुढं हात जोडून उभा राहिला. "हा फोटो नाय, हा स्वर्ग हाय. तू इथं पासपोर्ट काढत कुजतोस? मी तुला मोठा करतो. कल्याण रोडला बोर्डावर लावतो. किती घेशील?"

इतक्या वर्षांत कोणी त्या फोटोंपुढं हात जोडले नव्हते. भगीरथ एजंट लोकांना गोचीड म्हणायचा, पण त्या दिवशी ते त्याच्या डोक्यात आलंच नाही. "पैसे नको," तो ताठ होऊन म्हणाला. "खाली नाव पाहिजे. स्पष्ट."

मीना काउंटरवरून म्हणाली, "वाडीवाल्यांना विचारलं का?"

"डोंगरासाठी कोणाला विचारायचं असतं?"

"माझी आत्या त्याच अंगाला दिलेली हाय. तिथं माणसं ऱ्हातात, मला माहीत हाय."

"फोटोत दिसतात का?" भगीरथ म्हणाला, आणि स्वतःच्या कौशल्यावर खूश होऊन हसला.

कल्याण-मुरबाड रस्त्यावर भलामोठा बोर्ड लागला. सोनकीचा माळ, मागं कडा, वर मोठ्या अक्षरांत 'इथे फक्त तुम्ही आणि निसर्ग!' आणि कोपऱ्यात 'छायाचित्र : भगीरथ वेखंडे.' गुरुवारच्या चालण्याला सुट्टी देऊन भगीरथ एस.टी.नं तो बोर्ड बघायला गेला. रस्त्यापलीकडं उभं राहून त्यानं बोर्डाचा फोटो काढला. बोर्डाखाली एक उसाचा रसवाला गाडी लावून उभा होता. त्याला तो म्हणाला, "जरा बाजूला व्हा."

दोन हजार चारच्या पावसाळ्यानंतर प्लॉटवाल्यानं डोंबिवलीहून गिऱ्हाइकांची एक बस भरून जागा दाखवायला आणली. कलाकार म्हणून भगीरथही होता, पुढच्या सीटवर, इस्त्रीच्या शर्टात. प्रत्येकाच्या हातात त्याच्या फोटोची रंगीत घडीपत्रिका होती. एक बाई मागून म्हणाल्या, "असं एकांत ठिकाण आता मिळतं कुठं हो!" भगीरथनं मान वळवून विनयानं डोळे मिटले.

बस जाईल तिथवर गेली, पुढं सगळे चालत निघाले. वाटेत बूट चावले, धाप लागली, कोणीतरी भेंड्या सुरू केल्या आणि भगीरथनं ते पहिल्यांदाच सहन केलं. मंडळी ज्या वाटेनं वर आली, ती मात्र ओढ्यातून येत नव्हती, वाडीच्या अंगणातून येत होती.

माळावर पोचल्या पोचल्या सगळ्यांना वाडीच दिसली. घरं, गोठे, शेणी, भाताची उडवी, ओरडणारी कोंबडी, चार चुलींचा धूर. आणि वाडीतली झाडून सगळी माणसं पुढं येऊन उभी. विकत घेणारे येणार ही बातमी बसच्या आधी पोचली होती.

पत्रिका उलगडून एक निवृत्त बँकवाले गृहस्थ एकदा समोर, एकदा पत्रिकेत बघत राहिले. "हे फोटोत नाही," ते शेवटी म्हणाले.

हरेश तयारच होता. "साहेब, हे आत्ताचं हाय. प्रोजेक्टचा सुगावा लागला की ही लोकं झोपड्या बांधून बसतात. सगळीकडं असंच चालतं. आठ दिवसांत मोकळं करून देऊ. पुरावा तुमच्या हातात हाय ना! बघा फोटो. आहे एखादं झोपडं?"

गिऱ्हाइकं फोटोत डोकावली. झोपडं नव्हतं.

धाऊ काठी टेकत पुढं आला. "माझा बाप इथं मेला," तो म्हणाला. "त्याचा बाप इथं मेला." हे तो कोणाला सांगत होता ते त्यालाही कळत नसावं, कारण कोणी ऐकत नव्हतं. सगळे फोटो बघत होते.

एवढ्यात रंभाची नजर इस्त्रीच्या शर्टावर गेली. "आगं बया," ती वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्यो तर त्योच! माझी चूल इझवनारा!"

वाडी हसली. भगीरथचे कान तापले. बँकवाल्यांनी भुवया उंचावल्या. हरेशनं घाईघाईनं सारवलं, "काही तरी बडबडतात, साहेब. ह्यानं कशाला चूल विझवावी? हा शहापूरचा साधा स्टुडिओवाला. आला, बटण दाबलं, गेला. समोर असेल ते आपोआप येतं. कॅमेरा काय खोटं बोलतो का?"

हरेशनं दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्याला खोटारडा म्हटलं असतं, वाडीचा हेर म्हटलं असतं, तरी भगीरथ गप्प बसला असता. गप्प बसण्याची त्यानं मनाशी तयारी केलीच होती. पण 'आपोआप'?

"आपोआप?" भगीरथ म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढला की कोंबडी पळाली. "आपोआप येतं, हरेश? तुझ्या बापानं काढला होता का असा फोटो? तीन पावसाळे घातलेत मी ह्याच्यात! ह्या वाडीनं मला रडवलंय! जिथनं बघावं तिथनं घरं! शेवटी त्या ओढ्यात पालथा पडलो, नाकात पाणी गेलं माझ्या, तेव्हा तो उंचवटा आडवा आला आणि घरं झाकली. आपोआप झाकली? गुरं मी हाकलली. लुगडी मी काढली. तरी धूर येत होता, म्हणून हिच्या दारात जाऊन चूल विझवायला लावली, भाकरी तव्यावर असताना! आणि कॅमेरा खोटं बोलत नाय म्हणतोस? ज्यानं जन्मात कॅमेरा धरला नाय त्यानंच असलं बोलावं. खोटं बोलायलाच शिकवावं लागतं याला. वर्षं जातात!"

बँकवाल्यांनी हातातल्या पत्रिकेची घडी घातली. 

"म्हणजे," बँकवाल्यांनी सावकाश विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा आलात, तेव्हाही वाडी होती?"

आणि तेव्हा कुठं भगीरथला उमगलं आपण काय बोललो ते. त्यानं हरेशकडं पाहिलं. हरेशच्या तोंडावर नेहमीचं हसू तसंच होतं, फक्त त्यातलं रक्त गेलं होतं. त्यानं धाऊकडं पाहिलं. मागं घ्यायला आता काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मागं घेणं म्हणजे तो फोटो आपोआप आला होता असं कबूल करणं. ते त्याच्यानं मेलं तरी झालं नसतं.

"होती," तो म्हणाला. "जुनी हाय. ही कुडं बघा की, काळी पडलीत धुरानं. ह्या म्हाताऱ्यानं मला फोटो मागितला होता. मी दिला नाय."

बस परतली ती भेंड्यांशिवाय. कोणी एकमेकांत कुजबुजत होतं, कोणी मोठ्यानं ॲडव्हान्स परत मागत होतं. 'एकांत ठिकाण' म्हणालेल्या बाई खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. हरेशनं मुरबाडच्या नाक्यावर भगीरथला उतरवलं. शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाला, "वाडीची तुला दया आली असती तर मी समजून घेतलं असतं, भग्या. तू तर नुसत्या फुशारकीसाठी माझं वाटोळं केलंस."

ते खरं होतं.

गिऱ्हाइकं फिरली, आणि जुनी वस्ती म्हणजे कोर्टकचेरी आली, म्हणून प्लॉटवाल्यानं त्या माळाचा नाद सोडला आणि शहापूरकडं दुसरी, कागदपत्रानं आणि माणसांनीही मोकळी जागा धरली. बोर्डावर आता पोहण्याच्या तलावाचं चित्र आलं. जांभळाची वाडी जागेवर राहिली. त्यानं सगळं मिटलं असं नाही. 'ह्यो गेला, उद्या दुसरा येल,' असं धाऊच म्हणत होता, आणि वाडीतली तरणी माणसं आता तहसीलदार कचेरीचे जिने चढायला शिकली होती. हरेशनं शहापुरात तोंड फिरवलं ते फिरवलं. त्याच्या गोतावळ्यातल्या लग्नांचं काम भगीरथकडून गेलं. मीनानं पदर खोचून उरलेली गिऱ्हाइकं धरून ठेवली, आणि एकदाही 'मी सांगत होते' असं म्हणाली नाही. भगीरथला ते बोलणं परवडलं असतं, न बोलणं फार जड गेलं.

पुढच्या सप्टेंबरात एका गुरुवारी तो पुन्हा माळावर गेला. कशासाठी ते त्यानं मीनाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आभार-बिभार कोणी मानेल अशी अंधुक आशा असावी. सोनकी फुलली होती. त्यानं स्टँड उभं केलं, ओढ्यात न उतरता, सरळ माळावर.

रंभा आली. समोर, बरोबर मधोमध येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"बाय, जरा..." भगीरथनं सवयीनं सुरुवात केली.

"नाय हलनार," रंभा म्हणाली.

"अगं, पण मी कुठं..."

"तुझ्या मनात काय हाय ते मला नको सांगू. त्या दिशी खरं बोललास ते बी आमच्यापायी नाय, आपल्या मोठेपणापायी. मला कळत नाय असं वाटतं? मामंजी वारलं उन्हाळ्यात. त्यांचा एक फोटू नाय घरात. तुझ्या यंत्रात जागा व्हती, त्या दिशी. मला माहीत हाय जागा व्हती."

भगीरथला स्टँडचा स्क्रू सापडेना. तो चाचपतच म्हणाला, "होती."

"मंग आता काढ. मी हलत नाय."

तो थांबला. तीही थांबली. उजेड सरकला, ढग आले, गेले. तिनं ना पदर नीट केला, ना ती हसली. तिच्या रागावलेल्या डोळ्यांपुढं भगीरथला कड्यावर फोकस जुळवणं जमेना. दर वेळी लेन्स तिच्या तोंडावरच येऊन थांबायची. शेवटी तोही चिडला. लाज वाटत असली की तो नेहमी चिडायचा. "घे मग!" म्हणून त्यानं बटण दाबलं.

फोटो घेऊन तो दिवाळीनंतर वर गेला, या खेपेला मीनाला बरोबर नेलं. स्पर्धेला पाठवण्याजोगा तो नव्हता. तिरका होता, उजेड डोक्यावरचा होता, आणि परीक्षकाला हवा असलेला मानवी घटक त्यात एवढा होता की दुसरं काही मावतच नव्हतं. तरी भगीरथनं तो मोठा करून काचेत बसवून आणला होता. रंभानं हात लुगड्याला पुसून तो घेतला. वाडीतल्या बाया जमल्या. मीना त्यांच्यात बसून आत्याची चौकशी करायला लागली होती.

रंभानं फोटो लांब धरला, जवळ आणला, उन्हाकडं फिरवला. स्वतःकडं तिनं फारसं पाहिलं नाही.

"काय गो, बरा आला ना?" भगीरथनं न राहवून विचारलं.

"मी बरी हाय," रंभा नाक मुरडून म्हणाली. "मागला डोंगर नीट नाय आला."